अकरावा दाता

माझ्या दातेरी चाकाला पंधरा दाते आहेत. त्यांतल्या चौदांची उंची सारखी आहे. अकरावा मात्र एका केसाच्या जाडीइतका आखूड आहे. नुसत्या डोळ्यांना हा फरक दिसत नाही, बोट फिरवलं तरी कळत नाही.

मित्रांनो, मी गिटारची खुंटी आहे. आपली कहाणी सांगणाऱ्या वस्तू बहुधा म्हाताऱ्या असतात, आणि 'मी एक जुनी खुंटी आहे' अशी सुरुवात करायला मलाही आवडलं असतं. पण माझं वय अवघं आठ महिने आहे, आणि आज मी बाकाला बसवलेल्या लोखंडी पकडीत उभी आहे. शेजारी करवत ठेवली आहे. तेव्हा जे सांगायचं ते आताच सांगते.

आमचं काम साधं असतं. मूठ फिरवली की दांड्यावरचे आटे चाकाला एकेक दाता पुढे ढकलतात, चाकाबरोबर खांब फिरतो आणि खांबाला गुंडाळलेली तार ताणली जाते. मूठ सोडली की तार उलटी ओढते. आपण तिला दाद द्यायची नाही. सगळा सूर त्या दाद न देण्यावर उभा असतो.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. तिथे दर शंभर खुंट्यांमधली एक उचलून भिंगाखाली बघत. मी न उचललेल्या नव्व्याण्णवांमधली. आम्हा सहा बहिणींना एका डब्यात घालून, वर वॉरंटीचा कागद ठेवून, बोटीवर चढवलं.

डबा उघडला तो सूरकाकांनी. त्यांचं खरं नाव मी कधी ऐकलं नाही. गल्लीत सगळे त्यांना सूरकाकाच म्हणत. चाळीस वर्षं ते याच दोन खिडक्यांच्या खोलीत वाद्यं दुरुस्त करत आले होते. खोलीत सरसाचा आणि लाकडाच्या भुश्शाचा वास असे. त्यांची लेक दिवसा प्रयोगशाळेत पाण्याचे नमुने तपासायची आणि संध्याकाळी इथे येऊन वडिलांना मदत करायची.

आम्हाला एका शिक्षिकेच्या गिटारवर बसवायचं होतं. ती मुलांना गिटार शिकवत असे, आणि तिच्या जुन्या खुंट्या पार झिजल्या होत्या. पाच बहिणी नीट बसल्या. माझ्या दुसऱ्या स्क्रूच्या वेळी सूरकाकांचा हात हलला. स्क्रूड्रायव्हर खाचेतून निसटला आणि माझ्या पाठीच्या पत्र्यावर तांदळाएवढा ओरखडा उठला. त्यांनी दाराकडे पाहिलं. लेक अजून आली नव्हती. मग त्यांनी तो ओरखडा अंगठ्याने पुसला, जणू तो पुसला जाणार होता.

हात हलण्याची ती पहिली वेळ नसावी. चहाचा कप ते दोन्ही हातांनी धरत. लेक म्हणायची, "बाबा, बारीक काम माझ्याकडे द्या ना." ते म्हणायचे, "बघू पुढच्या महिन्यात." असे दोन वर्षांतले सगळे महिने पुढचे झाले होते.

पंधरा दिवसांत शिक्षिका परत आली.

"काका, माझी चौथी तार तुमच्यावर रुसलीय का? शिकवता शिकवता खाली उतरते. मुलं हसतात मला."

सूरकाकांनी तार सोडली, नवी चढवली, तासभर वाजवून पाहिली. मी अजिबात हलले नाही. यात माझी लबाडी नव्हती. नवी तार खांबावर थोडी वेगळी गुंडाळली गेली होती आणि ताण माझ्या चौथ्या दात्यावर आला होता. चौथा दाता खणखणीत आहे. पंधरापैकी चौदा वेळा मी गुणाची पोर असते. पंधराव्या वेळी ताण अकराव्यावर येतो, थोडा हादरा बसला की आट्यातून चाक सुटतं आणि तार खाली येते.

महिन्याभरात ती तिसऱ्यांदा आली, तेव्हा हसत नव्हती. "पुढच्या महिन्यात मुलांचा कार्यक्रम आहे, काका. दुसरीकडे दाखवू का? वाईट नका वाटून घेऊ."

"आणखी थोडे दिवस दे," सूरकाका म्हणाले. "खुंटीवर वॉरंटी आहे."

लेकीने कंपनीला ईमेल लिहिली. आपल्याकडे उजाडायचं तेव्हा त्यांचं ऑफिस बंद व्हायचं, त्यामुळे एका प्रश्नाचं उत्तर यायला दोन दिवस लागत. आधी त्यांनी डब्यावरचा क्रमांक मागितला. मग बिघाडाचा व्हिडिओ. व्हिडिओ काढला त्या दिवशी ताण सातव्या दात्यावर होता. दहा मिनिटं मी पहाडासारखी उभी राहिले. अख्ख्या आयुष्यात मला माझ्या नीटपणाची एवढी लाज कधी वाटली नव्हती. मग त्यांनी फोटो मागितले, पुढून आणि मागून.

फोटोंवर आलेलं उत्तर लेकीने मनातल्या मनात वाचलं आणि मोबाइल पालथा ठेवला.

"काय म्हणतायत?" सूरकाकांनी विचारलं.

"काही नाही. तेच ते."

"पोरी, वाच."

तिने वाचलं. "मागच्या पत्र्यावर स्क्रूड्रायव्हर घसरल्याची खूण दिसते. बसवताना झालेलं नुकसान वॉरंटीत येत नाही."

सूरकाकांनी उजवा हात खिशात घातला. बराच वेळ तो बाहेर आला नाही.

मित्रांनो, मला तोंड असतं तर मी तेव्हाच बोलले असते. ओरखडा माझ्या पाठीवर होता, खोट माझ्या पोटात होती. दोन्हींचा एकमेकांशी काहीही संबंध नव्हता. पण दिसली ती खूण, आणि जे दिसतं त्यालाच दोष चिकटतो. दुसऱ्या दिवशी शिक्षिका आली तेव्हा सूरकाका स्वतःच म्हणाले, "कंपनीचं काही नाही गं. माझ्याच हातून बिघडली ती." तरी ती गिटार सोबत घेऊन गेली नाही, एवढा तिचा चांगुलपणा.

त्यानंतर आठवडाभर त्यांनी कोणत्याच वाद्याला हात लावला नाही. गिऱ्हाईक आलं की म्हणायचे, "ठेवून जा, बघतो." वाद्यं भिंतीला साठत गेली.

लेकीने वडिलांची समजूत काढली नाही. तिने मला गिटारवरून उतरवलं, बाकाच्या कडेला लाकडी ठोकळ्यावर बसवलं, माझ्या खांबाला तार गुंडाळली आणि खाली बादली टांगली. बादलीत मोजून सात लिटर पाणी ओतलं.

"हे काय?" सूरकाका म्हणाले.

"चौथ्या तारेचा ताण साधारण सात किलोचा असतो. आता तार बदलायची भानगड नाही. तार जेवढं ओढते तेवढं ही बादली ओढेल."

"आणि ही काडी कशाला?"

माझ्या खांबावर तिने हातभर लांब, हलकी काडी चिकटवली होती. काडीचं टोक आलेखाच्या कागदावर टेकलं होतं. खांब जरासा हलला तरी टोक चांगलं बोटभर सरकणार होतं.

"मुठीचा एक फेरा म्हणजे एक दाता. प्रत्येक दात्याला दहा मिनिटं. तुम्ही बाकावर टिचकी मारत राहा, गिटार वाजल्यासारखी. हात थरथरला तरी चालेल. उलट बरंच."

हे ऐकून ते कित्येक दिवसांनी हसले. "बापाची थट्टा करतेस होय."

पहिला दाता, दुसरा, तिसरा. दर फेऱ्यानंतर ती काडी काढून पुन्हा मूळ दिशेला चिकटवायची. कागदावर ठिपके एकाखाली एक पडत गेले. सातव्याला सूरकाका म्हणाले, "सोड आता. काही नाही त्यात." ती म्हणाली, "पंधरा म्हणजे पंधरा." दहाव्यापर्यंत ठिपके सरळ रेषेत होते. अकराव्याला तिसऱ्या टिचकीलाच माझ्या पोटात चाक सुटलं, बादलीतलं पाणी डचमळलं आणि काडीचं टोक सर्रकन खाली आलं.

तिने तोच दाता पुन्हा दोनदा तपासला. मग मला उघडून प्रयोगशाळेतून आणलेल्या भिंगाखाली धरलं आणि भिंग वडिलांकडे सरकवलं. "बघा. झिजलेला नाही. मुळातच आखूड कापला गेलाय."

सूरकाका कितीतरी वेळ भिंगाला डोळा लावून बसले.

आलेख, फोटो आणि बादलीचा व्हिडिओ गेला. या वेळी कंपनीने माफी मागितली. नवी खुंटी पाठवतो म्हणाले. जुनी परत नको, तिचे दोन तुकडे करून फोटो पाठवा, म्हणजे ती पुन्हा कुणाच्या वाद्यावर बसणार नाही. त्यांचं म्हणणं बरोबर आहे. माझी तक्रार नाही.

नवी खुंटी आज सकाळी आली. लेकीने आधी तिचेही पंधरा दाते बादलीवर तपासले. सगळे सारखे निघाले. शिक्षिकेला निरोप गेला आहे, आणि कार्यक्रमाला अजून चार दिवस आहेत.

मित्रांनो, माझी एवढीच विनंती आहे. वस्तू बिघडली की तिचा दाता न् दाता बघा, मग कुणाकडे बोट करा. ते बोट स्वतःकडे वळत असेल, तरीसुद्धा.

आता लेकीने नवी खुंटी गिटारच्या डोक्यावर ठेवली आहे आणि स्क्रूड्रायव्हर वडिलांपुढे धरला आहे.

"बसवा, बाबा. तुमचा हात नव्हता, सिद्ध झालंय."

सूरकाका स्क्रूड्रायव्हरकडे बघतात, मग पकडीतल्या माझ्याकडे, माझ्या पाठीवरच्या ओरखड्याकडे.

"दाता त्यांचा होता," ते म्हणतात. "ओरखडा माझा होता."

"त्याने काही बिघडलं नव्हतं."

"या वेळी नाही."

ती स्क्रूड्रायव्हर तसाच धरून उभी राहते. त्यांचा हात खिशाकडे जातो, अर्ध्यात थांबतो आणि बाकावर येतो, उघडा, थरथरता. ते तो लपवत नाहीत.

"स्क्रू तूच बसव," सूरकाका म्हणतात. "आजचे, आणि यापुढचे सगळे. मी इथे शेजारी बसून सूर ऐकेन."