उसवलेले पंख

अक्काच्या एका पत्राला मी उत्तर दिलं नाही. तसं पत्र लहानच होतं.

"वाळवीस, तू म्हणालास तसे पतंगाचे पंख उसवून पुन्हा भरले. मापं तुझ्या पुस्तकाबरहुकूम आहेत, छटाही बऱ्या उतरल्यात. पण तो मेलेला दिसतो. माझा हात कुठे चुकला ते सांग, म्हणजे दुरुस्त करीन. अक्का."

वाळवी म्हणजे मी. लहानपणी सारखा पुस्तकांत तोंड खुपसून बसायचो म्हणून थोरल्या बहिणीने ठेवलेलं हे नाव. माझं लग्न ठरलं तेव्हा तिने होणाऱ्या भावजयीला बाजूला घेऊन गंभीरपणे बजावलं होतं, "कपाटं लोखंडाची घे बाई, लाकडाची टिकायची नाहीत."

तिने विचारलेला प्रश्न अवघड नव्हता. अवघड असता तर मी चार ग्रंथ काढून बसलो असतो आणि उत्तर गेलं असतं. मला उत्तर पत्र वाचतावाचताच कळलं होतं, आणि म्हणूनच ते लिहिता आलं नाही.

मी संग्रहालयात कीटकांच्या विभागात होतो. मेलेला पतंग मऊ असतानाच लाकडी फळीच्या खाचेत त्याचं धड बसवायचं, सुईच्या टोकाने पंख पुढे ओढायचे आणि वाळेपर्यंत कागदाच्या पट्ट्यांनी दाबून ठेवायचे. वरच्या पंखाची मागची कड धडाशी काटकोनात आली की खालच्या पंखावरची नक्षीही नीट दिसते. त्या काटकोनासाठी मी नोकरीभर नाव कमावलं. बोलण्यात मी पहिल्यापासून कच्चा. पण माझ्या हातचा काटकोन कधी हलला नाही.

अक्का रेशमाचं भरतकाम करायची आणि शिकवायचीही. फुलं, पानं, किडे. धागा सोडवून त्याचा एकच पदर सुईत ओवायचा आणि लांब-आखूड टाक्यांनी एका रंगातून दुसऱ्या रंगात असं उतरायचं, की सांधा कुठे आहे ते कळू नये. तिने भरलेल्या भुंग्यावर आमच्या वडिलांनी एकदा वर्तमानपत्राची गुंडाळी उगारली होती. ती गोष्ट अक्का प्रत्येक पाहुण्याला सांगायची.

एका रविवारी तिच्याकडे शिष्यमंडळ आणि शेजारच्या बायका जमल्या होत्या. नवा पतंग दाखवायला तिने मलाही बोलावलं होतं. साटीनवर तो करडा पतंग बसला होता, पंख पाठीवर उतरत्या छपरासारखे मिटून. सगळ्या वाहवा करत होत्या. चार माणसांत मला एरवी "चहा नको" म्हणायलाही जमत नाही, पण त्या दिवशी कुठून जीभ फुटली कोण जाणे.

"पंख चुकलेत," मी म्हणालो. "काटकोन कुठाय?"

"कसला काटकोन रे?" अक्का म्हणाली. "पडद्यावर बसला होता, तसा भरलाय."

मी पिशवीतून पुस्तक काढलं, चित्रांचं पान उघडलं आणि सगळ्यांसमोर तिला समजावून सांगितलं. खोली गप्प झाली. मला त्या गप्पपणाची फार मजा वाटली, हे लिहायला लाज वाटते. आयुष्यात पहिल्यांदाच लोक माझं ऐकत होते. अक्का, जी डॉक्टरचंही ऐकत नाही, ती चित्राकडे बघून म्हणाली, "तू म्हणतोस तर तसंच असेल."

मग ते पत्र आलं. "मेलेला" हा शब्द वाचला आणि मला फळी दिसली. मी ज्यांना पतंग म्हणून ओळखत होतो ते सगळे मेल्यावर मी स्वतः बसवलेले होते. जिवंत पतंग दिव्यावर यायचे, पण ते पानावर पडू नयेत म्हणून मी उठून खिडकी लावायचो.

उत्तर लिहायला बसायचो. "प्रिय अक्का, तब्येत कशी आहे" इथपर्यंत ठीक जायचं. पुढे "तुझा पहिला पतंग बरोबर होता" एवढंच लिहायचं होतं. तेवढ्यापाशी पेन अडायचं. मग डोक्यात आलं की शब्दांत काय आहे, आपण स्वतःच मिटल्या पंखांचा पतंग भरून तिला पाठवू. ऐकायला हे छान वाटतं. खरी गोष्ट अशी की भरतकाम शिकायला खूप दिवस लागतात, आणि तेवढे दिवस मला पाहिजे होते.

शिवणाच्या दुकानामागच्या खोलीत एक बाई दुपारचा वर्ग घ्यायच्या. कापड बेतायचं लांब टेबल, त्याभोवती आम्ही, आणि खिडकीजवळची जागा ज्याची नजर अधू त्याला. ती मला मिळाली. बाई अक्काच्या जुन्या शिष्या, एवढं माहीत होतं. मी तिचा भाऊ हे मी सांगितलं नाही.

"काका, धागा आहे तो, दोरखंड नव्हे. ओढू नका," बाई म्हणायच्या. "आणि टाके एका मापाचे नकोत, कुंपण दिसतं. एक लांब, एक आखूड. पुढची ओळ मागच्या टाक्याच्या पोटातून वर काढा."

मी आधी माशी भरली. शेजारी बसणाऱ्या नर्सबाईंनी ती निरखून पाहिली. "हिला गालगुंड झालेत. भरती करून घ्यावी लागेल," त्या म्हणाल्या. सगळ्या हसल्या, मीही हसलो. मग उसवली. नंतर मुंगी, तीही उसवली. न्हाणीघराच्या भिंतीवर एक पतंग दिवसभर झोपलेला असायचा. स्टूल ओढून मी त्याच्यापुढे बसू लागलो. पंखावरची लव मुळाकडून कडेकडे जाते आणि टाकाही तसाच जावा लागतो, हे मला त्याच्याकडून कळलं. तोही काही दिवसांनी निघून गेला.

पुढे धीर करून म्हणालो, "बाई, आता पतंग भरू का?"

बाईंनी कपाटाच्या तळातून एक घडी काढून माझ्यासमोर उलगडली. अक्काचाच हात. पंख ताणलेले, काटकोन अचूक. एकेक छटा अशी, की बोट फिरवलं तर रंग लागेल. आणि पतंग ठार मेलेला.

"अक्कांनी देऊन टाकलं," बाई म्हणाल्या. "कापड कशाला तरी येईल म्हणाल्या."

"आता काय भरतायत त्या?"

"काही नाही. धागे, रिंगा सगळं वाटून टाकलं. डोळे शाबूत आहेत हो त्यांचे, सुयांच्या पाकिटावरचा नंबर अजून चष्म्याशिवाय वाचतात. पण हातावरचा विश्वास उडालाय म्हणतात. एवढं सगळं बरोबर करून मेलेलाच उतरला, म्हणजे हातच गेला."

त्यांनी कापड खिडकीशी धरलं. पोटाच्या दोन्ही अंगांना कोरं साटीन होतं, आणि त्यातून उजेडाचे बारीक ठिपके आले. सुईची भोकं. उसवलं तरी साटीनवर ती बुजत नाहीत. ठिपक्यांच्या तिरक्या ओळी एकमेकींना चिकटून खाली उतरत गेल्या होत्या, आणि त्या ओळींत मिटलेले दोन पंख अजून तसेच होते.

मी खाली बघत म्हणालो, "बाई, मी त्यांचा..."

"भाऊ. वाळवी," बाई म्हणाल्या. "त्या रविवारी चहाचा ट्रे माझ्याच हातात होता. तुम्ही पुस्तक काढलंत तेव्हा मी दारातच उभी राहिले."

"मग इतके दिवस बोलला नाहीत?"

"म्हटलं, काका आपणहून बोलतील. तुम्ही तर मुंग्या भरत बसलात!"

"माझा पतंग पुरा झाला की पाठवणार होतो."

"तो काय पुरा होतोय? तुम्ही भरता त्याच्या दुप्पट उसवता." त्यांनी कापडाची घडी घातली, पण मला दिली नाही. "तुमचं पत्र आलं नाही, असं त्या मला कधी म्हणत नाहीत. मी गेले की तुमचा विषयच काढत नाहीत. आधी सारखा काढायच्या."

मी सुईत धागा ओवायचा प्रयत्न केला. जमेना, तेव्हा नर्सबाईंनी माझ्या हातून सुई घेतली आणि न हसता ओवून दिली.

तरीही मी लगेच लिहिलं नाही. आधी पतंगाला हात घातला, सवयीने. डावा पंख भरला. तो फार चांगला नाही, मधे एका जागी कुंपण दिसतंच. उजव्या पंखाची नुसती कड काढून झाली होती, तेव्हा माझ्या लक्षात आलं की डावा पुन्हा उसवावा असं मला वाटायला लागलंय. मी सुई खोचून ठेवली आणि कागद घेतला. तब्येत विचारली नाही.

"अक्का, तुझा पहिला पतंग बरोबर होता. तो बसला होता. मी सांगितला तो टाचणीला लावलेला होता, तसा जिवंतपणी कुठलाच बसत नाही. तुझं पत्र आलं त्याच दिवशी मला हे कळलं आणि मी गप्प बसलो. तुझा हात चुकला नव्हता. चारचौघांत मी बोललो ते चूक होतं. त्या बायकांनाही हे सांगेन, आधी तुझ्या त्या शिष्येला, तिच्याच वर्गात मी भरतकाम शिकतोय. सोबत माझा पतंग पाठवतो आहे. उजवा पंख राहिलाय, तो तू भर. वाळवी."

उजव्या पंखाचं वाक्य मी खोडलं. आपण हिच्याकडे काही मागावं, असं आपलं तोंड आहे का? मग पुन्हा लिहिलं आणि पुन्हा खोडलं. शेवटी तसंच ठेवलं. खोडलेलं होतं, पण वाचता येत होतं.

करड्या धाग्याची लडी आणि एक सुई कापडात ठेवली. पाकीट फुगलं आणि पत्रपेटीच्या फटीत जाईना, म्हणून टपाल कचेरीत खिडकीशी उभा राहिलो. आतल्या मुलीने ते तराजूवर ठेवलं.

"साधं पाठवायचं की तातडीचं, आजोबा?"

मागे रांग होती. माझे कान तापले.

"तातडीचं," मी म्हणालो.

तिने पाकिटावर शिक्का मारला आणि ते मागच्या पोत्यात टाकलं.