त्राटिकेचा मुखवटा अंतराळात जातो

मी एक जुना मुखवटा आहे, मित्रांनो, बोहाड्यातल्या, म्हणजे आमच्याकडच्या सोंगांच्या उत्सवातल्या, त्राटिकेचा. नाव ऐकून घाबरू नका. डोळे वटारलेले आहेत, जीभ बाहेर आहे, पण स्वभावाने मी गरीब आहे. पोशेरा गावच्या जिव्या आजाने मला कागदाच्या लगद्यातून घडवलं आणि सावकाश सावलीत वाळवलं. घाई केली असती तर माझं नाक तडकलं असतं, आणि बिननाकाची त्राटिका कोण नाचवणार?

आमच्याकडे एकेक सोंग एकेका घराकडे असतं. मी पंढरीच्या घरी आलो. नारळ फोडल्याशिवाय मला खुंटीवरून काढायचं नाही, असा त्या घरचा नेम. पंढरी लुगडं नेसायचा, मला तोंडावर बांधायचा आणि संबळ घुमू लागलं की असा नाचायचा की बघणारे तोंडात बोट घालत. बावीस वर्षं आम्ही नाचलो. मग त्याचे गुडघे गेले आणि मी खुंटीवरच राहिलो. उंदरांनी कान कुरतडला, तरी कुणी फिरकलं नाही. वाईट वाटतं हो, खोटं कशाला बोलू?

यंदा पंढरीची मुलगी हर्षदा जव्हारच्या कॉलेजातून घरी आली आणि मला गुपचूप पिशवीत घालून घेऊन गेली. ना नारळ, ना विचारणं! जव्हारच्या खोलीवर तिने मला चंदेरी रंग फासला. तिने एक नाटक लिहिलं होतं आणि त्यात मी अंतराळयानाचा मेंदू होतो. आता बोला! अंतराळ कशाशी खातात, हेही मला ठाऊक नव्हतं.

त्या खोलीत तिच्याबरोबर योगिता आणि धनेश राहत. आधी मला वाटलं, कॉलेजातले सोबती असतील. पण वटारलेल्या डोळ्यांना सगळं दिसतं. हर्षदाचा आणि योगिताचा एकमेकींवर जीव होता, दोघींचा धनेशवर आणि धनेशचा दोघींवर. तिघांत काही लपलेलं नव्हतं. लपवालपवी होती ती घरच्यांशी. पंढरीने तर जामसरचं स्थळ बघून ठेवलं होतं. रंग देता देता हर्षदा मला म्हणाली, की बापाला तोंडाने सांगायचा धीर होत नाही, म्हणून नाटकातून सांगते. त्याने हाकललं तर पोशेऱ्याचं घर संपलं.

नाटक पोशेऱ्यातच झालं, भर दुपारी, शाळेच्या पटांगणात. पंढरी पुढेच बसला होता. मला मागच्या पडद्यावर टांगलं होतं. यानातले तिघं, म्हणजे हर्षदा, योगिता आणि धनेशच, परत यायला निघाले, तर पृथ्वीवरून निरोप आला, की उतरायची परवानगी फक्त जोडप्याला आहे, तिसऱ्याने वरच राहावं. तिघांनी हात धरले. हर्षदा पुढे आली आणि बापाकडे बघत म्हणाली, "आम्ही तिघं एकमेकांचे आहोत. उतरलो तर तिघं उतरू."

नाटक पुरं व्हायच्या आत पंढरी काठी टेकत उठला आणि सरळ मंचावर आला. आधी त्याने मला न्याहाळलं. झालं, म्हटलं, आता आमची धडगत नाही.

"नारळ न फोडता सोंग काढलंस," तो म्हणाला.

हर्षदाने मान खाली घातली. "ते चुकलं, बा. बाकीचं चुकलं नाय. हे नाटक नाय, आमचंच हाय."

पंढरीने आधी योगिताकडे बघितलं, मग धनेशकडे.

"माझीच पोर मला एवढी भिते, याचं वाईट वाटलं," तो म्हणाला. "मला हे समजायला वेळ लागंल. पण घर तुझंच हाय. जामसरला मी नाय म्हणून कळवतो. चला जेवायला. तिघंबी."

हर्षदा तिथेच मटकन बसली आणि रडू लागली. योगिताने तिला उठवलं. धनेश आधाराला धावला, तर पंढरीने काठी सोडून त्याचाच खांदा धरला. काय सांगू मित्रांनो, जीव भांड्यात पडला!

म्हणून या कुरतडलेल्या मुखवट्याचं एवढं ऐका. तुमच्या घरात कुणाला काही सांगायचं असेल, तर त्यासाठी नाटक लिहायची पाळी त्याच्यावर आणू नका. आधी त्याला घरात घ्या. समजायचं ते मागाहून समजतं.