पडद्यावरची पिवळी पट्टी

१९८९ साली आमच्या नागपूरच्या कचेरीत नकाशे काढणारा संगणक आला आणि साहेबलोकांना वाटलं, उन्हात हिंडायची कटकट मिटली. उपग्रहानं टिपलेलं चित्र पडद्यावर यायचं. शेत हिरवं, पाणी निळं, पडीक जमीन पिवळी. उमरेडकडे कोळशासाठी रेल्वेचा नवा फाटा जायचा होता आणि त्यानं कुणाचं काय जाईल, हे आम्ही सांगायचं होतं. पिवळ्यावरून रूळ खुशाल न्यावेत, वापरातली जमीन टाळावी, असा नियम.

पडद्यापुढे ताराचंद बसायचा. उमरेडच्या विणकराचा मुलगा, कामाला वाघ. एका पिवळ्या पट्टीवर तो अडला.

"यमुताई, हे पडीक नाही. इथं आमचे बाबा सुताले खळ लावतात."

साडीचं लांबलचक सूत ताणून खळ लावायची तर तेवढीच लांब मोकळी जागा लागते. ती गेली की माग बंद.

"अजून कोण कोण लावतं?"

"आता बाबाच."

मला संगणकाचाही राग आला आणि घरचीच जागा पुढे करणाऱ्या ताराचंदचाही. "चल, बघून येऊ," म्हटलं. धरमपेठेच्या बाजारात मी वांगीसुद्धा हातात घेतल्याशिवाय घेत नाही.

त्यानं घरी निरोप धाडला होता. आम्ही पोचलो तेव्हा त्याचे वडील नानाजी त्या पट्टीवर उभे होते. सूत खुंट्यांना ताणलेलं, बादलीत खळ, बाजूला दोन कुंचे. सूत मात्र कोरडं.

"लावत का नाही?" मी विचारलं.

"एकट्यानं कसं होईन बाई? दोन्ही अंगानं माणूस लागते. गुलाबचंद होता संगती, तो दिवाळीले मिलमंधी लागला."

"म्हणजे दिवाळीपासून जागा वापरात नाही."

बोलले आणि मलाच वाईट वाटलं. पण खोटं लिहिणं मला जमत नाही.

ताराचंदनं माझ्याकडे पाहिलंही नाही. घड्याळ काढून खिशात टाकलं, बाह्या सारल्या, दुसरा कुंचा बादलीत बुडवला. नानाजी समोरच्या अंगाला गेले. बापलेक सुताच्या दोन्ही बाजूंनी खळ लावत चालू लागले. पोराचा हात सुरुवातीला अडखळला, मग बसला. सगळं सूत ओलं झालं तेव्हा मी लिहिलं: जमीन वापरात आहे, रूळ बाजूनं न्यावेत.

हात धुताना नानाजींनी विचारलं, "ते वरतून फोटो काढणारं यंत्र पुन्हा येते का गा इकडं?"

"येते ना बाबा. महिन्यातून एकदा तरी येतेच."

"महिन्यातून एकदा?" नानाजींनी कुंचा झटकला. "तुह्याहून बरं हाय मंग."

मला हसू आलं, ताराचंदला आलं नाही. खिशातलं घड्याळ खिशातच ठेवून त्यानं विचारलं, "पुढचं सूत कधी ताणता?"