सिस्टर कोलेटने उपवासात काय सोडलं

ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांत आमच्या कॉन्व्हेंटमधली प्रत्येक सिस्टर काही ना काही सोडते. कुणी चॉकलेट, कुणी टीव्ही. सिस्टर कोलेटने यंदा शेअर सोडले.

शुक्रवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर तिने ते जाहीर केलं, आणि वर हसली! मी स्वयंपाकघरात मासे तळत होते. गेली सत्तावीस वर्षं मी इथली स्वयंपाकीण.

"तुरुंगातले फोन चालवणाऱ्या त्या कंपनीचे सगळे विकले. आपल्या म्हातारपणाच्या पुंजीत पापाचा पैसा नको."

सिस्टर अगाथांच्या हातातला काटा खाली पडला. वय शहाऐंशी, पण आवाज खणखणीत. "अगं वेडे, ते शेअर मुद्दाम ठेवले होते! भागधारकालाच कंपनीच्या सभेत बोलता येतं. कैद्यांच्या फोनचे दर कमी करा, हा आपला ठराव तीन आठवड्यांवर आलाय. आता आत कोण सोडणार आपल्याला?"

कोलेट रडायलाच लागली. माझी लेक शॅनिस चार वर्षं तुरुंगात आहे. फोन इतका महाग की आठवड्याला तीन मिनिटं परवडतात, आणि त्यातच तिच्या लेकीलाही बोलायचं असतं.

हे शेअर माझ्याकडेही होते. अगाथांनीच कधीकाळी माझ्या निवृत्तीच्या पैशातून घ्यायला लावले आणि ठरावावर दुसरी सही माझी घेतली; रागाच्या भरात आता त्या ते विसरल्या होत्या. मी चर्चमध्ये कुणाला सांगितलं नव्हतं. लेक तुरुंगात आणि आई तुरुंगाच्या कंपनीची भागीदार, लोकांनी तोंडात शेण घातलं असतं.

पिठाचे हात घेऊनच मी बाहेर आले. "माझे आहेत अजून. मी काही सोडलेलं नाही. चॉकलेटसुद्धा नाही."

अगाथा टाळ्या पिटत उठल्या. "व्हर्लीन, तूच बोलणार!"

"मी? सिस्टर, मला चारचौघांत नाव सांगता येत नाही."

"मग नाव नको सांगूस. बाकीचं सांग."

तीन आठवड्यांनी, शिकागोच्या ज्या हॉटेलात कंपनीची सभा होती, तिथे मी माइकसमोर उभी राहिले. अध्यक्ष घड्याळाकडे बघत म्हणाला, "बाई, तुम्हाला तीन मिनिटं आहेत."

तीन मिनिटं! मला हसूच आलं. अरे, चार वर्षं मी दुसरं काय शिकले? तीन मिनिटांत नातीचा पडलेला दात सांगायचा, वकिलाचा निरोप सांगायचा, रडू गिळायचं. मी एकदाही अडखळले नाही. शॅनिसचं सगळं सांगितलं, लाज न बाळगता. इतकं मोकळं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

लाल दिवा लुकलुकला. शेवटचे पाच सेकंद. फोनवर ते कशासाठी राखून ठेवायचे हे तोंडात इतकं बसलंय की थांबवताच आलं नाही. कोट-टायवाल्या त्या अख्ख्या सभागृहाला मी म्हणाले,

"बरं, जेवत जा हं वेळेवर. जीव आहे माझा तुझ्यावर."

कुणी हसलं नाही. एरवी सहा टक्क्यांच्या वर न जाणाऱ्या ठरावाला त्या दिवशी एकतीस टक्के मतं पडली. ठराव पडलाच, पण दाराबाहेर थांबलेल्या अगाथा मला मिठी मारून नाचत होत्या.

रविवारी शॅनिसचा फोन आला. "आई, किती वेळ बोलू दिलं त्यांनी?"

"तुझ्याएवढाच," मी म्हणाले.