लिऊ डॉक्टरची कवळी

बाबनराव थकले होते. नुसता घसा नाही, सगळा माणूसच बसला होता. सरकारी सिनेमाच्या गाडीवर त्यांचं काम बोलण्याचं. पडद्यावर चित्रं चालायची आणि हे माइक धरून बाजूला उभे. पेटीतून येणारं भाषण असायचं जड हिंदीत, ते बायाबापड्यांना काय कळणार कपाळ! म्हणून पेटी बंद ठेवायची आणि बाबनरावांनी आपल्या नागपुरी बोलीत गोष्ट रचून सांगायची. खत असो, धरण असो, माणसं चित्र कमी बघत आणि बाबनरावांना जास्त ऐकत. पण बासष्टच्या हिवाळ्यात चीनशी लढाई लागली आणि तेव्हापासून रोज तेच रीळ, तोच बर्फ, तीच ओरड.

तीच ती ओरड किती दिवस पुरणार? मग बाबनराव मसाला घालत. "हे चपट्या नाकाचे चिनी! यायच्यावर इस्वास ठेवू नोका! सापाचं पिल्लू सापच निंगते!" की टाळ्यांचा कडकडाट. उचलली जीभ, लावली टाळ्याला. टाळ्या पडत असल्यावर विचार करायला फुरसत कोणाला असते?

नागपुरातल्या सदर मोहल्ल्याच्या मैदानात असाच खेळ झाला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वरच्या दातांची कवळी हिरडीला टोचायला लागली. बाबनराव नेहमीसारखे सदरातच लिऊ डॉक्टरकडे निघाले. डॉक्टर चिनी आहे हे त्यांच्या डोक्यातसुद्धा आलं नाही, आता बोला! लिऊ डॉक्टर म्हणजे लिऊ डॉक्टर. सदरातच जन्मला, इथल्याच शाळेत मार खाल्ला, बापाच्या मागे दवाखाना चालवला. अर्ध्या नागपूरनं त्याच्यापुढे आ केलेला.

दवाखान्याची पाटी उपटून रस्त्यात टाकलेली होती. लिऊ डॉक्टर केरसुणीनं काचा गोळा करत होता.

"अरे देवा! हे कोनं केलं जी?" बाबनरावांनी विचारलं.

"पोरं होते. काल खेळ सुटल्यावर आले." डॉक्टरनं केरसुणी कोपऱ्यात ठेवली, हात धुतले. "बसा. तोंड उघडा."

कवळी हातात घेऊन तो कानशीनं घासायला लागला. वर न बघताच म्हणाला, "काल अंधारात बसून सारं आयकलं तुमचं. भोंग्याचं तोंड इकडंच होतं. बोलता तुम्ही मस्त, बाबनराव. पन 'चिनी' म्हनलं का शिटी वाजते. कवळी ढिली झाली, मले तवाच समजलं. म्हनलं, सकाळी येसानच."

बाबनरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. तोंडात दात नव्हते, म्हणून बोलायची सोय नव्हती, हे एक बरं.

"घरमालकानं खाली कराले सांगतलं," डॉक्टर सांगत होता. "मोहल्ला गरम हाये म्हनते. थंडा झाला तं पाहू म्हनते. कलकत्त्याले काका हाये माहा, पन मले तं तिथली बोली बी येत नाही."

घरमालक म्हणजे गांधीबागेतले कापडवाले वामनराव. आणि आज संध्याकाळचा खेळ गांधीबागेतच होता, वामनरावांची खुर्ची पहिल्या रांगेत! बाबनरावांनी तिथंच ठरवलं. ज्या तोंडानं आग लावली त्याच तोंडानं विझवायची. पण गोष्ट सांगणाऱ्याची खोड वाईट, शेवट आधी फोडवत नाही. कवळी बसवून ते उठले आणि एवढंच म्हणाले, "डॉक्टर, आज गांधीबागेत या. पाहा तं खरं, कसा खेळ रंगवतो!"

डॉक्टरनं केरसुणी उचलली. मान हलवून पुन्हा काचा गोळा करायला लागला.

संध्याकाळी गर्दी दाटली. रीळ अर्ध्यावर आलं तेव्हा बाबनरावांनी गाडीवर मशीन चालवणाऱ्या देवाजीला ते थांबवायला लावलं. मग भर उजेडात येऊन त्यांनी कवळी काढली आणि हात उंच केला.

"हे फात कोनाचे?" बोळक्या तोंडातून नुसता वारा निघाला. गर्दी खो खो हसली. बाबनरावांनी कवळी परत बसवली.

"हसा, हसून घ्या. हे दात लिऊ डॉक्टरनं केले. याच दातानं मी भाकर खातो आन् याच दातानं काल त्याले साप म्हनलं. झूट बोललो मी. तिकडं जो गोळी चालवते त्याच्याशी लढा ना, खुशाल लढा! पन या मानसानं कोनावर काय चालवलं? पाटी त्याची तोडली, लाज माही गेली."

मग मागून रुख्माबाई कोष्टीण ओरडली, "माही दाढ त्यानंच काढली गा! चिमटा कवा लागला, समजलं बी नाही!" लोक पुन्हा हसले, पण हे हसणं वेगळं होतं. चारदोन पोरं म्हणाली, पाटी आम्हीच लावून देतो. बाबनरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. किती दिवसांनी काहीतरी खरं बोलले होते. गर्दीत ते डॉक्टरला शोधत राहिले.

खेळ सुटल्यावर ते वामनरावांकडे गेले. "आता राहू द्या ना जी डॉक्टरले."

वामनराव खुर्चीतून उठता उठता थांबले. "तो तं दुपारच्या गाडीनं गेला, कलकत्त्याले. मी नाही हाकललं, बरं! त्यानंच किल्ली आनून देल्ली."

"काहून?"

"म्हने, कालचं अंधारात बसून आयकलं. आज बाबनरावानं सामोर बोलावलं हाये. सामोर बसून आयकनं माह्याच्यानं होनार नाही."

बाबनराव उभेच राहिले. देवाजीनं पडदा गुंडाळला, भोंगा उतरवला, त्यांना हाताला धरून गाडीत बसवलं. "उद्या खापा गावाले खेळ हाये," तो म्हणाला. "तिथं काय सांगसान? कालचं का आजचं?"

"आजचं," बाबनराव म्हणाले. आता सांगून काय उपयोग, हेही त्यांना कळत होतं.

गाडी सुरू झाली. त्यांनी तोंडातल्या तोंडात 'चिनी' म्हणून पाहिलं. पुन्हा एकदा म्हणून पाहिलं. शिटी वाजली नाही.