'त' की 'थ'

सहा वर्षांपूर्वी आम्ही कॅनडातल्या ओटावातला काँडो फ्लॅट विकला आणि थायलंडला, चिआंग माईला राहायला गेलो. पेन्शनमध्ये तिथे कामाला बाई ठेवून राहता येतं. इथे ओटावात दोघांचं जेमतेम भागायचं. कल्पना आमच्या मुलाची, ऋषीची. त्याचं बेसमेंट तेव्हा रिकामं होतं, पण तो त्याबद्दल बोलला नाही आणि ह्यांनीही विचारलं नाही.

यंदा पंधरा दिवस त्याच्याकडे आलो. बेसमेंटमध्ये आता ट्रेडमिल आहे. आम्ही हॉलमध्ये सोफाबेडवर झोपतो.

शनिवारच्या मराठी शाळेसाठी नातीने, ऊर्मीने, आमच्यावर निबंध लिहिला होता. पहिलंच वाक्य: 'माझे आजी-आजोबा चिआंग माईत स्वस्त असतात.'

त्या शाळेत कधीकाळी मीच शिकवायचे. माझा हात लगेच खोडरबराकडे गेला.

"अगं, स्वस्थ. 'त' खोडून 'थ' कर. स्वस्थ म्हणजे निवांत, सुखात."

"नो आजी, आय मीन चीप," ती म्हणाली. "डॅड सेज, यू आर चीपर देअर."

ऋषी समोरच फोनमध्ये डोकं घालून बसला होता.

मी खोडरबर तिला परत दिलं. शुद्धलेखनात चूक नव्हतीच.