रंगात अडकलेला दरवाजा

मित्रांनो, मी साठी ओलांडलेला एक पोलादी दरवाजा आहे. घराचा नव्हे, युद्धनौकेचा. माझे सारे आयुष्य जहाजाच्या पोटात, पाण्याच्या पातळीखाली, पंपघराच्या तोंडाशी गेले. सूर्य मी पहिल्यांदा म्हातारपणी पाहिला आणि खरे सांगतो, फार काही विशेष वाटला नाही.

माझा आराखडा काढणारा माणूस कमालीचा संशयी होता. तोफांचे आणि इंजिनांचे मोठे नकाशे इतरांकडे गेले, याच्या वाट्याला दरवाजे आले. गोळा लागला तर एक खोली बुडाली तरी चालेल, पण जहाज बुडता कामा नये, एवढेच त्याच्या डोक्यात असे. म्हणून त्याने माझ्या कडेने आठ खिट्ट्या बसवल्या आणि प्रत्येकीचा दांडा माझ्या अंगातून आरपार नेला. आतून फिरवा नाहीतर बाहेरून, खिट्टी निघणारच. कडेला मऊ रबराची पट्टी लावली. चौकटीची धार तिच्यात रुतली की थेंबभरही पाणी पलीकडे जात नसे. शेवटी त्याने पितळेची एक पाटी ठोकायला लावली: 'रबराला व दांड्यांना रंग लावू नये.'

पहिल्या नौदलात माझी चैन होती. दर आठवड्याला एक खलाशी साबणाच्या पाण्याने माझे रबर पुसे, दांड्यांना वंगण घाली आणि जाताना एक थाप मारून जाई. बावीस वर्षे अशी गेली. मग नव्या बनावटीच्या नौका आल्या आणि आमची नौका दुसऱ्या देशाला विकली. नाव बदलले, झेंडा बदलला, यंत्रांवर नव्या भाषेतल्या पाट्या लागल्या. दरवाजाची पाटी कोण बदलतो? माझ्यावरची अक्षरे तिथे कुणालाच वाचता येत नव्हती.

या नव्या नौदलाला रंगाचे भारी वेड. मोठे साहेब पाहणीला येणार म्हटले की दिसेल त्याला रंग फासायचा हुकूम सुटे. रंगकाम करणाऱ्याला सगळे रंगारीच म्हणत. पंपघराचा मिस्त्री त्याच्या थोरल्या बहिणीचा नवरा. मिस्त्रीनेच शब्द टाकून त्याला नौकेवर आणले होते. त्यामुळे भाऊजींच्या पंपघराचे काम रंगारी जीव ओतून करी. त्याने मला राखाडी रंगाचे तीन हात दिले. रबर रंगवले, दांडे रंगवले आणि पितळेची पाटी रंगाखाली गाडून टाकली.

मोठे साहेब माझ्यापुढे थांबले. "वा! अगदी नवा कोरा दिसतोय की," म्हणाले. रबर आतून गुदमरत होते, तरी मी फुलून गेलो. मला अजून त्याची लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी आम्ही समुद्रात निघालो. समुद्रात खालचे दरवाजे बंद ठेवायचे, हा नियम. मिस्त्री सकाळी आत गेला, त्याने मला ओढून घेतले आणि आठही खिट्ट्या आवळल्या. वरून सुकलेला रंग आतून ओलाच होता. पंपघराच्या उष्म्यात दुपारपर्यंत तो दगडासारखा झाला आणि माझे रबर चौकटीला चिकटले. मला कळत होते, पण सांगणार कुणाला?

दुपारी समुद्राचे पाणी आत आणणारा नळ फुटला.

मिस्त्री घाबरला नाही. तो झडप बंद करायला गेला, पण पाण्याच्या माराने जवळ जाता येईना. मग तो माझ्याकडे आला. वरच्या चार खिट्ट्या निघाल्या. मधल्या दोन त्याने पान्याने ठोकून काढल्या. खालच्या दोन, जिथे रंग ओघळून साचला होता, त्या तसूभरही हलेनात. पाणी गुडघ्याच्या वर गेले. तो मला खांद्याने ढकलू लागला, आणि पाणी अडवण्यासाठी घडवलेला मी एका माणसाला अडवून उभा होतो.

ठोके ऐकून रंगारी धावत आला.

"भाऊजी! आतून उघडा ना!"

"उघडत असतं तर ठोकत कशाला बसलो असतो, गाढवा? खालच्या दोन अडकल्यात. हातोडा आण."

हातोड्याच्या पहिल्याच घावाला रंगाची जाड खपली उडाली. रंगाऱ्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"भाऊजी, हे मीच रंगवलं हो."

"ठाऊक आहे. छान रंगवलंयस. आता तोड."

सातवी निघाली तेव्हा आत पाणी छातीला लागले होते. रंगारी रडत होता, स्वतःला आणि मला शिव्या घालत होता. आतून आवाज येईनासा झाला. शेवटी आठवीचा दांडाच मोडला आणि लोंढ्याने मला धाडकन उघडले. माझ्या रबराचे लचके चौकटीलाच राहिले. मिस्त्री पाण्याबरोबर वाहत आला तो थेट मेहुण्याच्या अंगावर. जिवंत होता. तोवर वरच्या मजल्यावरून नळाचे पाणी तोडले गेले आणि जहाजही वाचले.

चौकशीच्या अहवालात एवढेच आले: 'दरवाजा परदेशी बनावटीचा व सदोष.' रंगाबद्दल चकार शब्द नव्हता, कारण रंगाचा हुकूम अहवाल लिहिणाऱ्यांनीच काढला होता.

नौका पुढे भंगारात गेली. मला नवे रबर, नवा दांडा लावून चौकटीसकट खलाशांच्या शाळेत सरावासाठी आणले आणि एका मोठ्या खोलीच्या मधोमध उभे केले. माझ्या दोन्ही बाजूंना भिंतच नाही. इथे मास्तर आहे तो रंगारीच. ब्रश त्याने पुन्हा हातात धरला नाही. परवा तो भाऊजींना घेऊन आला. बहिणीने त्याला सांगितले होते की हे घरी बाथरूमचेही दार लावत नाहीत.

"भाऊजी, एकदा पलीकडे जाऊन लावून बघा. भीती जाईल. सगळं मोकळं तर आहे."

मिस्त्री पलीकडे गेला. त्याने मला ओढले आणि एक खिट्टी फिरवली. दोन पावले बाजूला टाकली असती तर तो बाहेर होता. तो हलला नाही. माझ्यावर कपाळ टेकून धापा टाकत राहिला.

"उघड रे," तो कसाबसा म्हणाला.

रंगाऱ्याने झटकन खिट्टी फिरवली. "अहो भाऊजी, बाजूनं यायचं ना!"

"बाजूला बघायचं सुचलंच नाही रे."

मित्रांनो, माझे एवढेच मागणे आहे. चकचकीत दार दिसले की 'वा वा' म्हणून पुढे जाऊ नका. आधी आत जा, ते लावून घ्या आणि आतून उघडते का ते पाहा. कौतुक नंतर केले तरी चालेल.